एकशे एकोणनव्वद रुपयांचा फ्रीज

१२ मार्च २००९
आजपासून रोजनिशी. कारण एवढंच, की जाफराबादेत बोलण्यालायक माणूस उरलेला नाही. शाळेत आम्ही एकोणीस शिक्षक. अठरा जण स्टाफरूममध्ये कापूस, बदली आणि जावई या तीन विषयांवर बोलतात. एकोणिसावा मी. मी नागरिकशास्त्र शिकवतो. ग्राहकाचे हक्क या धड्यावर अख्ख्या जालना जिल्ह्यात माझ्याइतका अधिकारी माणूस नाही. जिल्ह्याला हे अजून कळलेलं नाही, इतकंच.
संकल्प: रोज एक पान. मोजकं लिहिणे. कुणाविषयी वाईट न लिहिणे.

१३ मार्च
मुख्याध्यापक गाढव आहे.

१५ मार्च
उषानं पुन्हा फ्रीजचा विषय काढला. आईला शुगर. इन्सुलिन थंड ठेवावं लागतं. आमच्याकडे फ्रीज नाही म्हणून बाटल्या चौकातल्या मच्छिंद्रच्या मेडिकलमध्ये, त्याच्या फ्रीजात असतात. उषा सकाळ-संध्याकाळ जाते, बाटली आणते, आईला सुई टोचते, बाटली परत नेऊन ठेवते. चांगला व्यायाम होतो. पण ती म्हणते, ऊन वाढून राह्यलं, आता फ्रीज घ्याच.
तिला समजावलं. फ्रीज म्हणजे शिळं खायची सोय. शिवाय इथं बारा-बारा तास लोडशेडिंग. ते कपाट थंड होणार कधी? ती म्हणाली, बारा घंटे लाइट नसती तशी बारा घंटे असती बी.
बायकांना वाद घालता येत नाही.

१८ मार्च, सकाळी
प्रशिक्षणाची माहिती इंटरनेटवर भरायची होती. वसंताच्या दुकानात गेलो. झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो आणि सायबर कॅफे. चारही धंदे एकाच खोलीत, आणि चारही बेतास बात. फॉर्म भरता भरता कडेला जाहिरात दिसली. सुखसदन डॉट कॉम. पाडवा धमाका. दोन दारांचा फ्रीज, दोनशे साठ लिटर, लाल रंग.
किंमत: रु. १८९.००
चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं. एकशे एकोणनव्वदच.
वसंता म्हणाला, सर, टायपिंगची चूक असंल, पॉइंट भलत्याच जागी पडला, अठरा हजार नऊशेचा माल हाय तो. मी म्हणालो, बेंगलोरला एवढ्या मोठ्या कंपनीत एमबीए लोक बसलेत, त्यांना पॉइंट कुठे द्यायचा ते तू शिकवणार का? तो झेरॉक्स काढायला वळला. ज्या माणसाच्या स्वतःच्या पाटीवर ‘लॅमीनेषन’ लिहिलंय, त्यानं टायपिंगच्या चुका काढू नयेत.
कायदा स्वच्छ आहे. विक्रेत्यानं किंमत सांगितली. ग्राहकानं होकार दिला, पैसे भरले. करार झाला.
अडचण एकच. पैसे भरायला कार्ड लागतं. मी एटीएम कार्ड ठेवत नाही. यंत्राला अक्कल नसते आणि वापरणाऱ्यांना त्याहून नसते. धाकटा भाऊ कारभारी जालन्याला एमआयडीसीत, रोलिंग मिलमध्ये. पगार बँकेत होतो म्हणून त्याच्याकडे कार्ड आहे. फोन केला. त्यानं कार्डाचा नंबर, मागचे तीन आकडे, सगळं धडाधड वाचून दाखवलं. कशाला पाहिजे, हेसुद्धा विचारलं नाही. नववी नापास. याला जगात कुणीही फसवेल.
जाफराबादचा पिन कोड टाकला तर इथे माल पोचत नाही असं आलं. म्हणून पत्ता कारभारीचा दिला. कार्ड त्याचं म्हणून नाव त्याचं. मोबाइलही त्याचा. या तांत्रिक बाबी. बुद्धी माझी.
सहा फ्रीज मागवले. एक आईसाठी. एक शाळेला देणगी, दारावर माझ्या नावाची पट्टी. चार विचारांती.

१९ मार्च
उषाला सांगितलं. ती खूश होईल असं वाटलं होतं. म्हणाली, एकच घ्यायचा होता, पैसे देऊन.
स्टाफरूममध्येही सांगितलं. आता सगळे सुखसदनचा पत्ता विचारतायत. दिला नाही.

२३ मार्च
दुपारी कारभारीचा फोन. कंपनीचा मेसेज आलाय. किंमत चुकून पडली, ऑर्डर रद्द, पैसे परत, तसदीबद्दल क्षमस्व.
कारभारी म्हणाला, दादा, पैसे वापस आले बी, जाऊ द्या ना मंग.
जाऊ द्या! या देशाचं वाटोळं या दोन शब्दांनी झालंय. मोठी कंपनी एका बाजूला, एकटा ग्राहक दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये हे जाऊ-द्या-वाले.
त्याला म्हटलं, तुला यातलं काही कळत नाही, तू लोखंड लाटत जा. तो हो म्हणाला.

२४ मार्च
निर्णय: ग्राहक मंचात जाणार. वकील लावणार नाही. जालन्याचे वकील मी पाहिलेत, काळा कोट काढला की आत काही नसतं.
दुसरा निर्णय: निकाल लागेपर्यंत घरात फ्रीज घ्यायचा नाही. आता विकत घेतला तर गरजेचा पुरावाच नष्ट होईल. उषाला हा मुद्दा नीट उलगडून सांगितला. ती भाकरी थापत राहिली. समजलं असावं.

२७ मार्च, पाडवा
गुढी उषानं उभारली. मी मसुदा करत होतो. चौदा पानं झाली. पहिली तीन प्राचीन भारतातल्या वजनमापांवर आहेत. पाया भक्कम हवा.
कारभारी सणाला आला होता. आईला घेऊन ओट्यावर बसला होता. जाताना म्हणाला, दादा, नाव माझं हाय ना ऑर्डरीवर, मी येऊन सही करू का कुठं? मी म्हणालो, गरज नाही. उद्या पेपरात बातमी येईल. तिथे काय छापायचं? ‘मिल कामगाराचा विजय’? चौदा पानं मी लिहिली. तक्रारदार मीच.

८ एप्रिल
जालन्याला जाऊन तक्रार दाखल केली. शंभर रुपये फी. मागणी: सहा फ्रीज, मानसिक त्रासापोटी दोन लाख, आणि दोन वर्तमानपत्रांत जाहीर माफी. एक मराठी, एक इंग्रजी.
खिडकीवरच्या बाबूनं कागद चाळले. म्हणाला, ऑर्डर तर कारभारी यांच्या नावची दिसते, तुम्ही कोण? मी म्हणालो, मोठा भाऊ, एकत्र कुटुंब. तो म्हणाला, त्यांचं नाव टाकून द्या ना वर, दोन मिनिटांचं काम हाय. मी त्याला कलम सांगायला लागलो. त्यानं शिक्का मारला.
कारभारीचं घर स्टँडपासून जवळच. पण गेलो नाही. जाफराबादची गाडी लागली होती.

१५ एप्रिल
आज मच्छिंद्रला धडा शिकवला.
डोकेदुखीच्या गोळ्या घ्यायला मेडिकलमध्ये गेलो. त्यानं पट्टी दिली, बिल दिलं नाही. मागितलं. म्हणाला, अहो सर, दहा रुपयांच्या मालाला काय बिल. दुकानात पाच-सहा माणसं होती. संधी सोडली नाही. ग्राहकाचे सहा हक्क ओळीनं म्हणून दाखवले. मंचात तक्रार करीन असंही सांगितलं.
मच्छिंद्र लालबुंद झाला. म्हणाला, सर, तुमच्या मायचं इन्सुलिन साल झालं माझ्या फ्रीजात ठेवून राह्यलो, त्याचं बिल देऊ का? मी म्हणालो, अवश्य दे.
त्यानं फ्रीज उघडला, आईच्या बाटल्या काढल्या, पिशवीत घालून माझ्या हातात दिल्या. आणि गोळ्यांचं बिल दिलं.
तत्त्वाचा विजय. बिल फाइलला लावलं.

१६ एप्रिल
बाटल्या उषानं डब्यात घालून माठात सोडल्या. माठाला ओलं फडकं. उत्तम व्यवस्था. पूर्वी कुठे होते फ्रीज? (पूर्वी इन्सुलिन बी न्हवतं, असं उषाचं म्हणणं. विषयाला सोडून.)
ती मच्छिंद्रकडे जाऊन माफी मागते म्हणाली. मी मनाई केली. उद्या कंपनीचा वकील विचारेल, तुम्ही एका दुकानदारापुढे झुकलात, मग आमच्यापुढे का नाही?

२२ एप्रिल
इलेक्शन ड्यूटी. पिंपळगाव रेणुकाईला आलो. शाळेच्या खोलीत मुक्काम. केंद्राध्यक्षाला मतपेटी आणि मतदान यंत्र यांतला फरक सांगावा लागला. हा माणूस माझ्यापेक्षा दोन इन्क्रिमेंट पुढे आहे.

४ मे
रिझल्ट लागून तीन दिवस झाले. आज शाळेत एक भानगड. आठवीतल्या एका मुलीच्या प्रगतिपुस्तकावर नागरिकशास्त्रात ऐंशी मार्क पडले. खरे आठ. घाईत माझ्या हातून शून्य जास्त पडलं. आज दुरुस्त करून घ्यायला बोलावलं तर आईच आली. तुळजाबाई. बाजारात भाजी विकते. म्हणाली, सर, तुमच्याच हातानं लिहून दिलंय ना, पोरीनं पेढे वाटले गल्लीत, आता वापस कसं घेता?
मी शांतपणे समजावलं. बाई, आकड्यातली चूक ती चूक. आठ मार्कांच्या पोरीला ऐंशी कसे मिळतील, हे कुणालाही पाहताक्षणी कळायला हवं. चुकीचा फायदा उठवणं हा काही हक्क नव्हे. ती म्हणाली, मंग तुम्ही तवाच बघून लिवायचं व्हतं. मी म्हणालो, माणूस आहे, चूक होते, दुरुस्त केली, विषय संपला.
या लोकांना फुकटचं पचवायची इतकी सवय लागली आहे की विचारू नका.
शून्य खोडलं. सही केली.
कंपनीला पाठवायच्या स्मरणपत्राचा मसुदा संध्याकाळी पूर्ण.

९ मे
ऊन त्रेचाळीस. पत्रे तापलेत.
कारभारीचा फोन. कंपनीच्या माणसानं त्याला फोन केला होता. म्हणाले, गैरसोय झाली, म्हणून ज्यांनी ऑर्डर दिली त्यांना तोच फ्रीज अकरा हजारांत देऊ, एकच, महिनाअखेरपर्यंत. मिटवून टाका.
म्हणजे घाबरले. नोटीस पोचली. आता अकरा हजारांवर आलेत, पुढच्या महिन्यात एकशे एकोणनव्वदवर येतील. कारभारीला ठणकावून सांगितलं, नाही म्हण.
तो म्हणाला, माय कशी हाय?
मी म्हणालो, मजेत आहे, झोपलीय. हल्ली ती बरीच झोपते. पाणी फार पिते आणि झोपते. या वयात विश्रांती हवीच.

१३ मे
दुपारी वसंताकडे प्रिंट काढत होतो. शेजारचा भिवा पळत आला. तुमच्या माय उठून न्हाई राह्यल्या, वहिनी रडून राह्यल्या.
घरी गेलो. आई बाजेवर. डोळे अर्धे उघडे. हाक मारली तर ओ नाही. उषा तिचे तळपाय चोळत होती. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, शुगर मशीनवर दिसतच नाही इतकी वर गेलीय, जालन्याला न्या, आत्ताच्या आत्ता. अँब्युलन्स भोकरदनला गेलेली.
मच्छिंद्र आला. मेडिकलचं शटर अर्धं ओढून, स्वतःची ओम्नी घेऊन. मागचं सीट पाडलं, आईला आडवं घेतलं. रस्ताभर मी आईचा हात धरला होता. फार हलका लागला.

१४ मे
आई आयसीयूत. डॉक्टरनं विचारलं, इन्सुलिन कुठं ठेवत होतात? उषा म्हणाली, माठात. डॉक्टर म्हणाले, एवढ्या उन्हात? ते केव्हाच खराब झालं, तुम्ही महिनाभर पाणी टोचून राह्यले त्यांना. हे ते माझ्याकडे बघून म्हणाले. सूर आवडला नाही.
कारभारी रात्रपाळी करून थेट इथं आला. मिलच्या कपड्यांत. कॉरिडॉरमध्ये खाली बसून राहिला. मला म्हणाला, दादा, तुम्ही च्या घ्या, मी हाय हितं.
मच्छिंद्रनं गाडीचं भाडं घेतलं नाही.
मुद्दा: कंपनीनं मार्चमध्येच फ्रीज दिला असता तर हे झालं नसतं. नुकसानभरपाई दोन लाखांवरून पाच लाख करावी. कॅन्टीनमध्ये बसून अर्ज लिहिला.

१८ मे
आई शुद्धीवर. बोलते, पण हळू. डिस्चार्ज मिळाला. डॉक्टर म्हणाले, घरी फ्रीज नसेल तर नेऊ नका. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खटल्याची स्थिती सांगायला सुरुवात केली. वाक्य पुरं व्हायच्या आत कारभारी म्हणाला, मायला मी नेतो. त्याच्या शेजाऱ्याकडे फ्रीज आहे.
तात्पुरती व्यवस्था. निकाल लागला की आईला घेऊन येणार.

२६ मे
कारभारीचे सकाळपासून तीन फोन. उचलले नाहीत. कंपनीचं लेखी उत्तर आलंय. बावीस मुद्दे, इंग्रजीत. एकेकाचा समाचार घेतोय. मध्येच तोडलं की ओघ जातो.
शेवटी त्यानं उषाच्या गावातच दिलेल्या बहिणीच्या फोनवर उषाला गाठलं. उषा येऊन दारात उभी राहिली. म्हणाली, भाऊजी विचारून राह्यले, महिना सरत आला, ते अकरा हजारांचं… मी हात वर केला. म्हटलं, तेराव्या मुद्द्यावर आहे, नंतर. ती म्हणाली, मंग मी सांगते त्यांना काय सांगायचं ते. मी म्हणालो, सांग.
काय सांगितलं कुणास ठाऊक. घरगुती काहीतरी.

१६ जून
शाळा सुरू. वर्गात पत्रा गळतो. मुख्याध्यापकांना लेखी दिलं. त्यांनी बादली दिली.

२५ जून
पहिली तारीख. कंपनीतर्फे औरंगाबादहून एक पोरगी आली. अ‍ॅडव्होकेट सत्यशीला. वय फार तर अठ्ठावीस. माझ्याविरुद्ध हिला पाठवावं, यातच कंपनीची दिवाळखोरी दिसते. बाहेर बाकावर मला म्हणाली, सर, तुमच्या आई आजारी होत्या ना, आता कशा आहेत? मी म्हणालो, विरुद्ध पक्षाशी बोलणं शिष्टसंमत नाही. तिनं तारीख घेतली.

१९ जुलै, रविवार
उषा दर रविवारी जालन्याला जाते. सकाळच्या जीपनं जाते, संध्याकाळी येते. येताना चेहरा बरा असतो. आईचा माझ्यासाठी निरोप: राधाकिसनला म्हणावं येऊन जाय.
रविवार हा एकच दिवस अभ्यासाला मिळतो. आई समजून घेईल. हे सगळं तिच्यासाठीच चाललंय.

१२ ऑगस्ट
नववी ‘ब’समोर युक्तिवादाची रंगीत तालीम केली. पूर्ण तास. शेवटी जोरात टाळ्या पडल्या. तास संपल्याची घंटाही त्याच वेळी झाली होती. पण टाळ्या आधी होत्या.

२ सप्टेंबर
पंचवीसची तारीख पडली. अंतिम सुनावणी. सूट इस्त्रीला दिला. पेपरवाल्याला कळवून ठेवलं. त्यानं विचारलं, जाहिरात द्यायची का? हा पत्रकार.

२५ सप्टेंबर, संध्याकाळी
सविस्तर लिहितो. इतिहासाला लागेल.
सव्वा बाराला पुकारा झाला. अध्यक्ष आणि दोन सदस्य. मी वजनमापांपासून सुरुवात केली. अध्यक्ष म्हणाले, मुद्द्यावर या. मी आलो. किंमत, होकार, करार. आवाज शेवटपर्यंत पोचत होता. मागच्या बाकावरचा एक म्हातारा जागा झाला.
मग ती पोरगी उठली. आवाजसुद्धा चढवला नाही. तिनं मला फक्त विचारलं.
पहिलं: अठरा-एकोणीस हजारांचा फ्रीज एकशे एकोणनव्वदला मिळतो, असं तुम्हाला खरोखर वाटलं होतं का? मी म्हणालो, ग्राहकाला काय वाटतं हा प्रश्नच नाही. अध्यक्ष म्हणाले, आम्ही तो विचारतोय असं समजा. मी म्हणालो, सणाची सवलत वाटली.
दुसरं: फ्रीज कशासाठी हवा होता? मी म्हणालो, आईच्या इन्सुलिनसाठी. ती म्हणाली, सहा? हॉलमध्ये कुणीतरी हसलं. मी म्हणालो, एक शाळेला देणगी होती. ती म्हणाली, मग चार. मी म्हणालो, विचारांती. एका सदस्यानं रुमाल तोंडाला लावला. सर्दी असावी.
तिसरं: ऑर्डर कुणाच्या नावे? पैसे कुणाच्या खात्यातून गेले? परत कुणाच्या खात्यात आले? मी तिन्ही वेळा सांगितलं, लहान भाऊ, एकत्र कुटुंब. ती म्हणाली, मग तक्रारीत त्यांचं नाव का नाही? मी म्हणालो, त्याला कायदा कळत नाही.
तिनं फाइल मिटली. अध्यक्षांना म्हणाली, साहेब, आमच्या लेखी हा विषय मेमध्येच मिटलाय. कारभारी यांनी कंपनीची ऑफर घेतली, अकरा हजार भरले, फ्रीज त्यांच्या जालन्याच्या घरी पोचला. वापरात आहे. तक्रारदारांच्या आई तिथंच राहतात.
मला हे माहीत नव्हतं. अध्यक्षांनी विचारलं, तुम्हाला हे माहीत नव्हतं? मी म्हणालो, कौटुंबिक बाब आहे. ते माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. प्रभावित झालेले दिसले.
निकाल राखून ठेवला. एकूण बाजू माझीच वरचढ.

२५ सप्टेंबर, नंतर
उषाला विचारलं. तुला ठाऊक होतं? म्हणाली, सगळ्यांना ठाऊक हाय. भाऊजींनी तीनदा फोन केल्ता तुम्हाला. मी सांगायला आल्ते तर तुम्ही तेराव्या मुद्द्यावर व्हते. मंग मीच म्हणाले, घ्या. माझ्या पाटल्या दिल्या त्यायला.
तिच्या हाताकडे पाहिलं. काचेच्या बांगड्या होत्या. केव्हापासून ते लक्षात नाही.
कारभारीनं मला सांगायला हवं होतं. फोन उचलला नाही म्हणून काय झालं? माणूस भेटायला येतो.
(तो का येईल? आई त्याच्याकडे. डबल ड्यूटी करतो.)

२० ऑक्टोबर
दिवाळी संपली. उषा जालन्यालाच गेली. मी घर सांभाळलं. चिवडा वसंतानं दिला. बरा होता. विधानसभेच्या निकालाची पूर्वतयारी म्हणून तीन दिवस गावात लाइट नीट होती. लाइट असली की घर रिकामं जास्त दिसतं, असं एक निरीक्षण.

१० नोव्हेंबर
निकाल. स्वतः जाऊन ऐकला. वाचायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.
तक्रारदार हा या व्यवहारातला ग्राहक नाही. किंमत ही उघड चूक होती, पैसे वेळेत परत दिले गेले, मूळ खरेदीदारानं तडजोड स्वीकारली. तक्रार फेटाळली. खर्चाबद्दल आदेश नाही.
खर्चाबद्दल आदेश नाही, ही त्यातल्या त्यात जमेची बाजू. त्या पोरीनं मागितलाच नाही म्हणे. जाताना मला नमस्कार केला. मीही केला. हात आपोआप जोडले गेले.
पेपरवाला आला नव्हता.
राज्य आयोगाकडे अपील करता येतं. तीस दिवस. वजनमापांचा भाग वाढवावा लागेल.
स्टँडवर आलो. जाफराबादची गाडी लागलेली. बसलो. मग उतरलो.

१० नोव्हेंबर, पुढे
कारभारीचं घर या वर्षात पहिल्यांदा पाहिलं. दोन खोल्या. वर पत्रा. मिलची काजळी भिंतींवर बसलेली. दार नंदानं उघडलं, त्याच्या बायकोनं. ती म्हणाली, चप्पल आत घ्या, कुत्रं नेतं. कारभारी ड्यूटीवर.
लाल फ्रीज पुढच्या खोलीतच. दुसरीकडे जागा नाही. दोन दारं. तो आल्यामुळे दिवाण आडवा लावलाय, म्हणून माणसाला तिरकं होऊन आत जावं लागतं. दिवाणावर आई.
अंग भरलंय तिचं. गालावर तजेला आहे. उषानं हे मला सांगितलं होतं, पण मी ऐकत नव्हतो बहुतेक. मला बघून म्हणाली, सूट घालून कुठं गेल्ता?
मी म्हणालो, कोर्टात. तिला मंच वगैरे कळणार नाही.
म्हणाली, कामून? कुणी काय केलं?
सांगायला लागलो. कंपनी, जाहिरात, किंमत, होकार. तिनं सगळं ऐकून घेतलं. नंदा स्टोव्हपाशी चहा टाकत होती, तीही ऐकत होती. निकालापर्यंत आलो आणि निकाल सांगायचं राहून गेलं. म्हणालो, चल आता घरी, उषा एकटी असते. आई म्हणाली, उषा तर दर रविवारी हितं असती. मी हितंच बरी हाय. नंदा सुई टोचती, दुखत बी न्हाई. तू येत जाय.
मग तिला आठवलं. म्हणाली, पर कोर्टात गेल्ता कशासाठी, ते न्हाई समजलं.
मी म्हणालो, तुझ्या फ्रीजसाठी.
ती फ्रीजकडे बघून म्हणाली, फ्रीज तर हाय की हितं.
मी म्हणालो, हो. आहे.